"मंग मी कायचा मास्तर?"

"मॅडम, एक पोरगं मले वाचतं करता आलं नाही. मंग मी कायचा मास्तर?"

यवतमाळ जिल्ह्यातल्या दोनशिक्षकी शाळेतले हे सर (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). तरुण शिक्षकांकडून हा प्रश्न मी वरचेवर ऐकते. २००७ चा 'तारे जमीन पर' त्यांनी शाळेत असताना पाहिला, तेव्हापासून त्यातले, वाचता न येणाऱ्या ईशानला हात देणारे निकुंभ सर डोक्यात बसलेले. तिसरीतला एक कोलाम आदिवासी मुलगा अक्षरं उलटी काढायचा. सरांना वाटलं, हाच आपला ईशान! परिपाठ झाला की त्याला घेऊन व्हरांड्यात बसायचे, थेट खिचडीच्या सुट्टीपर्यंत.

"बाकीची मुलं तेव्हा काय करायची, सर?"

"फळ्यावरचं उतरवून घेत."

पुढच्या भेटीला वर्गाच्या वह्या आणायला सांगितल्या. एका मुलीनं प्रत्येक पानाखाली पट्टीनं रेघ मारून सरांच्या सहीला जागा सोडली होती. दिवाळीपासून एकाही रेघेवर सही नव्हती. सर ती वही कितीतरी वेळ चाळत राहिले. मीही बोलले नाही.

तो सिनेमा मला मनापासून आवडतो. डिस्लेक्सिया, म्हणजे हुशार असूनही वाचा-लिहायला जड जाणं, हा शब्द कितीतरी आईबापांना त्यानंच कळवला. पण निकुंभ सर काही काळापुरते आलेले चित्रकलेचे शिक्षक. पाढे, शुद्धलेखन, पोषण आहाराची नोंद, वह्यांचा गठ्ठा, यातलं काही त्यांच्या वाट्याला आलेलं दिसत नाही. एका मुलाची गोष्ट सांगायची तर बाकीचा वर्ग मागं राहणारच. आपल्या शाळेत तो वर्ग रोज समोर बसलेला असतो.

आणि त्या मुलाचं काय? पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, घरी तो कोलामी बोलतो. ती द्राविडी भाषा. मराठीशी त्याची खरी गाठ शाळेतच पडते. अक्षरं उलटी काढतो एवढ्यावरून डिस्लेक्सिया ठरत नाही. शंका असेल तर गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना कळवा, रीतसर तपासणी होऊ द्या, असं सांगितलं. तोवर रोज वीस मिनिटं त्याला, उरलेला वेळ सगळ्यांना. गोष्ट साऱ्या वर्गासाठी मोठ्यानं वाचायची आणि मधेच त्याला विचारायचं, याला कोलामीत काय म्हणतात रे? शिवाय रोज पाच वह्या.

महिन्यानं फोन आला. मुलगा अजून अडखळतो, पण आता वर्गात बसून.

"मॅडम, त्या पोरीच्या जुन्या रेघांवर बी सह्या करू का?"

"करा, सर. पण पान वाचून करा."