दर महिन्याचे पैसे कोण देणार?

प्रिय पोरी,

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या तुझ्या गावासाठीचा आरओ प्लांटचा, म्हणजे पाण्यातले क्षार काढणाऱ्या मशीनचा, प्रस्ताव वाचला. देणगीदार मशीन देतोय, पंचायत जागा देतेय आणि आधी पीडीओंकडे, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे, जावं, आरोग्य खात्याकडे की पाणीपुरवठ्याकडे, हे तुला कळेना झालंय. मला मात्र त्या कागदांत एकच गोष्ट सापडली नाही. दर महिन्याचे पैसे कोण देणार?

आधी दुखणं ओळख. पावसाळ्यात तुमच्याकडे जुलाबाची साथ येते ती जंतूंमुळे, क्षारांमुळे नव्हे. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असेल आणि फ्लोराइड नसेल, तर आरओ कशाला? बोअरचं पाणी खारं असतं तर गोष्ट वेगळी. आरओ पुष्कळ पाणी वाया घालवतं, त्यातली गाळणारी पातळ चाळणी, म्हणजे मेम्ब्रेन, बदलावी लागते आणि त्या बदलाचे पैसे कुणीच बाजूला ठेवलेले नसतात. मग प्लांटला कुलूप लागतं.

तुमची वस्ती १,८०० ची. घरोघरी नळ देणाऱ्या जलजीवन मिशनच्या हिशेबाने दिवसाला माणशी ५५ लिटर धरले तर दिवसाला साधारण एक लाख लिटर, म्हणजे ५०,००० लिटरची टाकी दोनदा भरायची. जंतू मारायला चांगली ब्लीचिंग पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम पुरते. एका भरणीला १२५ ग्रॅम, महिन्याला साडेसात किलो. एवढाच माल. वीस लिटरच्या बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त घालू नये, म्हणून दोन बादल्या घ्यायच्या. आधी थोड्या पाण्यात लगदा करून मग बादली भरायची, पाच-दहा मिनिटं थांबून वरचं स्वच्छ पाणी टाकीत ओतायचं आणि खालचा चुना बाहेर टाकायचा. अर्धा-एक तास थांबून मगच व्हॉल्व्ह उघडायचा. तपासणी टाकीजवळ नको, शेवटच्या घराच्या नळाला कर. तिथे लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन दिसलाच पाहिजे. पाणी गढूळ असलं की तोच क्लोरीन गाळात खर्च होतो. मग मात्रा वाढवून पुन्हा तपासायचं.

बिघडतं कुठे? वर्षाची पावडर एकदम घेतात, पोतं उघडं राहतं, दमट हवेत तिचा दम जातो. वॉटरमन, म्हणजे पंचायतीचा पाणी सोडणारा माणूस, इमानाने मोजून टाकतो आणि नळाला शून्य येतं. दुसरं, पाईप गटारातून गेलेला असतो. पाणी बंद झालं की आत ओढ बसते आणि फटीतून गटाराचं पाणी शिरतं. तो सांधा दुरुस्त करणं कुठल्याही मशीनपेक्षा मोलाचं आहे.

आता पैसे. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ च्या अनुदानात ६० टक्के रक्कम पिण्याचं पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेली होती. पाईप, दुरुस्ती यांसाठी आधी अशा बांधील निधीकडे बघ. बाकीच्या ४० टक्क्यांतूनही पगार देता येत नव्हता, हे नीट लक्षात घे. गावच्या आरोग्य व स्वच्छता समितीचा वर्षाला १०,००० रुपयांपर्यंतचा मुक्त निधी टेस्ट किटसारख्या किरकोळ गोष्टींना पुरेल. पंपाचं हेस्कॉमचं, म्हणजे वीज कंपनीचं, बिल आणि वॉटरमनचा पगार दर महिन्याला उभा राहतोच, आणि देणगीदार त्याला हात लावत नाही. म्हणून पाणीपट्टीची वसुली आधी बघ. किती घरं भरतात, किती थकली, पावती कोण फाडतो, सगळं लिहून काढ.

मग एकच कागद कर. पावडर पंचायत घेणार, टाकणार वॉटरमन, नळाची तपासणी आरोग्य निरीक्षकांची आणि जुलाबाचे रुग्ण आशाताई मोजणार. प्रत्येकासमोर वार, रक्कम, कुठलं खातं, कुणाची सही. हा कागद नसला की पंचायत म्हणते आरोग्य खातं बघेल, आरोग्य खातं म्हणतं पंचायत बघेल. पीडीओंकडचा अर्ज कन्नडमध्ये दे, टाकीजवळ चिकटवायची प्रत मराठीत. भाषेच्या वादात पावडर अडू देऊ नकोस.

मी चांगल्या कामांत खोडा घालतो, असं तुझ्या वयाची मुलं म्हणतात. म्हणू देत. फीत कापायला दहा जण पुढे येतात, पण वॉटरमनचा पगार थकला की विचारायला एकही फिरकत नाही. त्याच्या पगाराचं ठरलेलं नसेल, तर मी कुठल्याही प्रस्तावावर सही करणार नाही, तुझ्याही नाही. तुझी तळमळ खरी आहे म्हणूनच एवढं खडसावतोय.

देणगीदाराला सध्या थांबव. तो ऐकणारा असेल तर मशीनऐवजी गटारातला पाईप बदलून मागून बघ. थकबाकीची यादी आणि शेवटच्या नळाचे महिनाभराचे आकडे घेऊन ये, मग दोघं मिळून पीडीओंकडे जाऊ. उपकेंद्राच्या इमारतीचं विचारलं होतंस, ते पुढच्या पत्रात.

तुझा,
काका