बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या वर्कशॉपला किरणोत्सर्ग मोजणाऱ्या सेन्सरसाठी नासाचा ‘एसबीआयआर’ (छोट्या कंपन्यांच्या संशोधनासाठीचा) निधी मिळेल का?

नाही, तो निधी अमेरिकन मालकीच्या, तिथंच संशोधन करणाऱ्या छोट्या कंपन्यांसाठी आहे, तशी अटच असते. आपल्याकडे संरक्षण खात्याचं ‘आयडेक्स’ बघा, म्हणजे नव्या संरक्षण तंत्रज्ञानासाठी अनुदान देणारी योजना. मूळ योजनेत निवड झाली तर दीड कोटीपर्यंत अनुदान मिळतं, मात्र साधारण तेवढीच भर स्वतःची घालावी लागते, आणि खरी अडचण तिथंच येते. डीआरडीओचा टीडीएफ (तंत्रज्ञान विकास निधी) मोठा: प्रकल्प 50 कोटींपर्यंत, त्यातला 90 टक्क्यांपर्यंत खर्च सरकारचा. दोन्हीकडे बहुतेक विषय सरकारच जाहीर करतं, म्हणून आधी यादी वाचा, मग ड्रॉइंग काढा. हत्तरगीच्या सेझला (विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या औद्योगिक क्षेत्राला) पार्ट पुरवणं म्हणजे संशोधन नव्हे, हेही लक्षात ठेवा. एक मात्र आहे: कॅलिब्रेशनसाठी, म्हणजे सेन्सरचं माप तपासून जुळवायला, सीझियम-137 या किरणोत्सर्गी पदार्थाचा सोर्स शॉपमध्ये आणायचा तर एईआरबीचे (अणुऊर्जा नियामक मंडळाचे) नियम लागू होतात. सुरुवातीला ते काम मान्यताप्राप्त लॅबकडूनच करून घ्या.