लॅनवरील (कार्यालयाच्या अंतर्गत नेटवर्कवरील) संगणकांच्या घड्याळांत काही मिनिटांचा फरक पडत असेल, तर बॅटऱ्या बदलाव्यात की प्रत्येकाला इंटरनेट द्यावे?

आपल्या कार्यालयात पंधराएक विंडोज संगणक आहेत, त्यांपैकी दोन-तीन संगणकांना मुद्दाम इंटरनेट दिलेले नाही, त्यांच्या वेळेत काही मिनिटांचा फरक पडतो, आणि दुरुस्तीवाले बॅटऱ्या बदला किंवा सगळ्यांना इंटरनेट द्या असे सांगतात, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते या दोन्हींपैकी काहीही करू नये. मदरबोर्डवरील ३ व्होल्टची बॅटरी संपली की संगणक चालू करताच तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली दिसते. चालत्या संगणकात मिनिटांचा फरक पडतो तो घड्याळाला गती देणाऱ्या स्फटिकामुळे, आणि नवी बॅटरी घातल्याने स्फटिक बदलत नाही.

हा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, असे गृहीत धरलेले असते. स्वस्त स्फटिकात दहा लाखांत वीस इतकी चूक सहज असते, आणि ती दिवसाला सुमारे १.७ सेकंद, महिन्याला मिनिटाच्या जवळपास आणि वर्षाला दहा मिनिटे भरते. शिवाय तो २५ अंश सेल्सिअसच्या आसपास सर्वांत अचूक चालतो आणि तापमान त्याहून वर वा खाली गेले की मंदावतो. नागपूरच्या मे महिन्यात, जेव्हा बाहेर ४५ अंश असतात, तेव्हा पत्र्याच्या खोलीतला संगणक केवळ उष्णतेमुळे दिवसाला आणखी सेकंदभर मागे पडू शकतो. हे मला पुस्तकातून कळले होते, पण त्याची किंमत मी नागपूरजवळच्या बुटीबोरीतील एका कारखान्यात पाहिली, आणि आपल्या प्रश्नाला एवढे लांब उत्तर लिहिण्याचे कारणही तेच आहे.

त्या कारखान्याच्या नेटवर्कची देखभाल माझ्याकडे होती. भरलेला ट्रक आधी वजनकाट्यावर जात असे, मग कार्यालयात बिल व सरकारी पोर्टलवरून मालवाहतुकीचे ई-वे बिल निघत असे, आणि शेवटी गेटवरचे कारकून आपल्या संगणकात ट्रक बाहेर पडल्याची नोंद करत. हे गृहस्थ निवृत्तीला आलेले होते. सगळे त्यांना काका म्हणत. गेटचा संगणक लॅनवर होता, पण त्याला इंटरनेट नव्हते, आणि ते न देणे योग्यच होते. एका लेखापरीक्षणात असे निघाले की अनेक ट्रक बिल तयार होण्याच्या चार-पाच मिनिटे आधीच गेटबाहेर पडलेले दिसतात. बिलाविना माल सोडल्याचा आरोप काकांवर आला आणि खुलासा मागणारी नोटीस त्यांच्या हातात पडली. वर्षानुवर्षे एकही पावती न चुकवणारा माणूस त्या दुपारी गेटच्या खोलीत माझ्यासमोर नोटीस धरून उभा होता आणि ‘साहेब, मी बिल पाहिल्याशिवाय बॅरिअर उचलत नाही’ एवढेच पुन्हा पुन्हा म्हणत होता.

या प्रकाराच्या बऱ्याच आधी मी व्यवस्थापनाला लेखी कळवले होते की, कारखान्यात एकच वेळ-सर्व्हर नेमावा आणि बाकी सर्व यंत्रांनी त्याच्याकडूनच वेळ घ्यावी. मिनिटा-दोन मिनिटांनी काय बिघडते, असे उत्तर मला तेव्हा मिळाले होते. त्या दिवशी मी गेटच्या घड्याळाला हात लावला नाही. विंडोजच्या वेळ-सेवेत स्ट्रिपचार्ट नावाची एक आज्ञा आहे. ती घड्याळ न बदलता दुसऱ्या यंत्राच्या तुलनेत किती फरक आहे एवढेच दाखवते. तिने गेटचा संगणक सुमारे नऊ मिनिटे मागे असल्याचे दाखवले. मात्र आज नऊ मिनिटांचा फरक आहे म्हणून सहा महिन्यांपूर्वीही होता असे सिद्ध होत नाही, आणि व्यवस्थापकांनी नेमका हाच मुद्दा काढला.

म्हणून मी वजनकाट्याच्या पावत्या आणि गेटच्या नोंदी महिनावार समोरासमोर मांडल्या. काट्यावरचा संगणक इंटरनेटवरून वेळ घेत होता. काट्यावरून उतरल्यापासून गेट ओलांडेपर्यंतचा सरासरी कालावधी नोंदींमध्ये दर महिन्याला साधारण मिनिटभराने आक्रसत गेलेला होता, आणि एप्रिल-मेमध्ये त्याहून थोडा अधिक. ट्रक कोणाचाही असो, गेटवर काका असोत वा त्यांच्या सुट्टीत बदलीवर आलेला माणूस असो, उतार तोच होता. लबाडी करणारा माणूस दर महिन्याला एकसारख्या गतीने लबाडी वाढवत नाही. स्फटिक मात्र नेमका असाच वागतो. सरकारी पोर्टलने छापलेल्या ई-वे बिलांच्या वेळा ताडून पाहिल्यावर वादाला जागा उरली नाही. नोटीस मागे घेतली गेली. काकांना लेखी दिलगिरीचे एक वाक्यही मिळाले नाही, याचा मला आजही राग आहे.

त्यानंतरही तिथला दुसरा ठेकेदार म्हणत राहिला की गेटला इंटरनेट द्या, प्रत्येक यंत्र बाहेरून वेळ घेईल, मधला सर्व्हर कशाला. आपले दुरुस्तीवाले हेच सांगत आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो: हा सल्ला आळशी आहे. केवळ घड्याळासाठी एखादे यंत्र इंटरनेटला उघडे करणे चूक आहेच. शिवाय प्रत्येक यंत्र स्वतंत्रपणे बाहेर विचारू लागले की कोणाचे विचारणे कधी थांबले हे कोणालाच कळत नाही. वेळ विचारणारे निरोप ज्यातून जातात ते यूडीपीचे १२३ क्रमांकाचे पोर्ट फायरवॉलमध्ये बंद झाले तर पडद्यावर काहीही चूक दिसत नाही आणि घड्याळे निमूटपणे एकमेकांपासून दूर जात राहतात. आपल्याच लॅनवरचा एकच सर्व्हर असेल तर इंटरनेट दिवसभर बंद पडले तरी सर्व यंत्रे आपसात जुळलेली राहतात, आणि नोंदींचा क्रम लावताना हा आपसातला मेळच सर्वांत आधी लागतो. सर्ट-इन या संगणक-सुरक्षेच्या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांतही राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जोडलेल्या सर्व्हरशी वेळ जुळवा असे म्हटले आहे; म्हणजे मधला सर्व्हर नियमालाही मान्य आहे. त्या ठेकेदाराने हे कधी वाचले असेल असे मला वाटत नाही.

आता मांडणीविषयी. कायम चालू राहणाऱ्या एखाद्या लिनक्स यंत्रावर क्रोनी हे वेळ जुळवणारे सॉफ्टवेअर बसवावे, त्याला वेळेचे किमान चार बाहेरचे स्रोत द्यावेत, कारण दोनच असतील आणि ते भांडले तर खरा कोण हे ठरवता येत नाही, आणि आपल्या लॅनच्या पत्त्यांना वेळ विचारण्याची परवानगी द्यावी. बाहेरचा संपर्क तुटला तरी सर्व्हरने वेळ देत राहावे, यासाठी त्यात ‘लोकल’ ही ओळ घालून स्ट्रेटम (मूळ घड्याळापासूनची पायरी) १० द्यावा. विंडोज संगणकांत या सर्व्हरचा पत्ता द्यावा आणि वेळ-सेवा आपोआप सुरू होणारी करावी. डोमेनमध्ये, म्हणजे एकाच मध्यवर्ती सर्व्हरच्या ताब्यातील संगणकांच्या गटात, नसलेल्या विंडोजमध्ये ती बरेचदा बंदच असते, आणि सगळे करूनही वेळ जुळत नाही अशी तक्रार बहुधा इथूनच निघते. हजेरीची यंत्रे आणि कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारे डीव्हीआर विसरू नयेत. त्यांच्या सेटिंगमध्येही एनटीपीचा (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीचा) रकाना असतो आणि तो बहुतेक ठिकाणी रिकामा सापडतो.

हाताने वेळ लावणे मात्र बंद करावे. घड्याळ एकदम मागे ढकलले की नंतर झालेली नोंद आधी झाल्यासारखी दिसते. डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये एनटीपीचा पहिला आराखडा मांडला; या पद्धतीत लहान फरक घड्याळाची गती किंचित बदलून हळूहळू भरून काढला जातो आणि घड्याळाला झटका फक्त मोठ्या फरकाच्या वेळी दिला जातो. लॅनवर निरोप जाऊन परत यायला मिलिसेकंदही लागत नाही, आणि मोजमापातील चूक या फेरीच्या निम्म्याहून अधिक असू शकत नाही, त्यामुळे कार्यालयीन कामाला एवढी अचूकता पुरून उरते.

दोन-तीन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. आपले संगणक विंडोज डोमेनमध्ये असतील तर वरील मांडणी जशीच्या तशी करू नये. तिथे पीडीसी एम्युलेटर ही भूमिका असलेला डोमेन कंट्रोलरच (डोमेनचा मध्यवर्ती सर्व्हर) वेळेचा मूळ असतो आणि फक्त त्यालाच बाहेरचा स्रोत द्यायचा असतो. पाच मिनिटांहून अधिक फरक पडला की तिथे केर्बेरॉस ही ओळख तपासणारी पद्धत लॉगिनच नाकारू शकते. वेळ-सर्व्हर शक्यतो आभासी यंत्रावर ठेवू नये. आणि काहीही बदलण्यापूर्वी प्रत्येक यंत्रावर स्ट्रिपचार्ट चालवून त्याचा आजचा फरक तारखेसह लिहून, सही करून ठेवावा, कारण एकदा घड्याळे जुळली की त्याआधी कोणते यंत्र किती चुकत होते हे सांगणारा थेट पुरावा त्या कागदाशिवाय दुसरा उरणार नाही.