आम्ही ठाण्यात राहतो. शाळेच्या फिटनेस टेस्टमध्ये १३ वर्षांचा मुलगा मागे पडला, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) पण जास्त आलाय. जिम लावू का?

जिम नको, निदान आत्ता तरी नको. मी ऐरोलीत शाळेत पीटी शिकवतो, हे रिपोर्ट भरायचं काम माझ्याच गळ्यात असतं म्हणून सांगतोय.

आधी बीएमआय. मोठ्या माणसांचा तो २५ चा आकडा पोरांना लावायचाच नसतो, त्यांचा वय आणि मुलगा-मुलगी बघून वेगळा चार्ट असतो, बालरोगतज्ज्ञांना दाखवा, विषय संपला.

खेलो इंडियाच्या टेस्टमध्ये चौथीपासून पुढच्या पोरांना ५० मीटर आणि ६०० मीटर पळणं, सिट अँड रीच (पाय सरळ ठेवून बसायचं आणि पुढे वाकून बोटं कुठवर पोचतात ते बघायचं), ३० सेकंद कर्ल-अप (पाठीवर झोपून खांदे उचलणं) आणि पुश-अप असतात. त्यातलं मी ६०० मीटर नीट बघतो कारण दम किती टिकतो ते तिथेच कळतं, पण तिथेच घोळ पण सगळ्यात जास्त होतो. शिट्टी वाजली की पोरं जीव खाऊन पळतात, पहिल्या दीडशे-दोनशे मीटरला दम संपतो आणि मग कमरेवर हात ठेवून चालत येतात, वर डबा खाऊन लगेच पळवलेलं असतं, ऑक्टोबरचं ऊन असतं, अर्ध्यांच्या पायात सँडल. मग जो टाइम येतो त्यात फिटनेस किती आणि बाकीचं किती, सांगा ना.

सिट अँड रीचमध्ये कमी आला असेल तर टेन्शनच घेऊ नका, ह्या वयात आधी पाय लांब होतात, धड मागून वाढतं, बोटं पोचत नाहीत बिचाऱ्याची.

तुम्ही ठाण्यात आहात ना, रविवारी सकाळी लवकर उपवन तलावावर न्या, फोनवर ६०० मीटर मोजा आणि त्याला सांगा की पहिला अर्धा भाग बोलता येईल इतक्याच स्पीडने पळ. तो टाइम लिहून ठेवा. तीन महिन्यांनी तीच जागा, तीच वेळ, तेच शूज, आणि तुलना त्याची त्याच्याशीच, शेजारच्या क्रिकेट अकॅडमीवाल्याशी नाही. मधल्या काळात रोज सरासरी तासभर घाम येईल असं खेळणं (डब्ल्यूएचओ पण ५ ते १७ वयाला रोज सरासरी किमान ६० मिनिटं सांगते) आणि आठवड्यातून तीनदा पुश-अप, स्क्वॉट, लटकणं वगैरे. क्लासमुळे वेळ नाही म्हणाल तर एखादा क्लास कमी करा, मी तरी तेच सांगेन.

फक्त पळताना छातीत दुखलं, चक्कर आली किंवा शिट्टीसारखा श्वास वाजला तर हे सगळं थांबवून आधी डॉक्टर.