पिओरियात राहणाऱ्या लोकांना स्वतःचं शहर खरंच आवडत नाही का?

प्रश्न असा आहे की कंपनीकडून पिओरिया, इलिनॉयला जायची संधी आलीये, पण नेटवर बघितलं तर तिथलेच लोक गावाला नावं ठेवतात, मग जावं का. मी मूळची चिंचवडची, बरीच वर्षं पिओरियात आहे, नवरा कॅटमध्ये, म्हणजे बुलडोझर बनवणाऱ्या कॅटरपिलर कंपनीत, आणि मी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, त्यामुळे ऑफिसातलं आणि गावातलं दोन्हीकडचं बोलणं कानावर पडत असतं.

आवडतं की नाही याचं एक उत्तर नाही मिळणार. समोरचा माणूस टेकाडावर राहतो की खाली नदीकाठच्या सखल भागात, आणि कॅटचं हेडऑफिस इथून जायच्या आधीचं बोलतोय की नंतरचं, यावर सगळं बदलतं. बाहेरच्यांना मात्र पिओरिया म्हणजे एकच गोष्ट माहिती असते. अमेरिकेत जुना वाक्प्रचार आहे, ‘पिओरियात चालेल का?’ गावोगाव खेळ करत फिरणाऱ्या व्होडव्हिल कंपन्यांच्या काळापासूनचा, मग निक्सनच्या वेळी व्हाइट हाउसमधले लोक तो वापरायला लागले, आणि नवीन साबण नाहीतर खाण्याची वस्तू बाजारात आणायची तर कंपन्या आधी इथे विकून बघायच्या. म्हणजे पिओरिया कसं, तर अगदी सरासरी, इथल्या माणसाला पटलं की देशाला पटलं. माझ्या शेजारचे आजोबा हे अभिमानाने सांगतात, त्यांच्या नातीला मात्र ते ऐकलं की चीड येते, कारण सरासरी म्हणजे बोअरिंग असंच तिच्या वयाच्या सगळ्यांना वाटतं.

मला विचाराल तर या ‘सरासरी’ने शहराचं फार नुकसान केलंय, कारण हे गाव सरासरी कधी नव्हतंच. भरपूर मका, चांगलं पाणी आणि मालवाहतुकीला इलिनॉय नदी, त्यामुळे एकोणिसाव्या शतकात इथे इतक्या डिस्टिलऱ्या होत्या की जगाची व्हिस्कीची राजधानी म्हणायचे, मॉस अव्हेन्यूवरचे जुने मोठाले वाडे बघितले की त्या काळी इथे केवढा पैसा होता ते कळतं, फ्रँक लॉइड राइट या नामवंत आर्किटेक्टने डिझाइन केलेलं एक घर पण त्याच रस्त्यावर आहे. बेटी फ्रीडन, जिच्या लिखाणाने अमेरिकेतली बायकांची चळवळ पेटली, ती १९२१ मध्ये इथे जन्मली. लिंकनने गुलामगिरीच्या विस्ताराविरुद्धचं गाजलेलं भाषण १८५४ च्या ऑक्टोबरमध्ये इथेच केलं.

आणि पेनिसिलिन! हे मी प्रत्येक नवीन आलेल्या मराठी माणसाला सांगते. महायुद्ध चालू असताना १९४१ मध्ये ऑक्सफर्डचे शास्त्रज्ञ फ्लोरी आणि हीटली अमेरिकेत आले, त्यांच्याकडे बुरशी होती पण औषध निघायचं थेंबभर, तेव्हा त्यांना इथल्या शेतीखात्याच्या सरकारी लॅबकडे पाठवलं. मक्यापासून स्टार्च काढताना जे घट्ट पाणी उरतं ते या लॅबवाल्यांनी बुरशीला खायला घातलं आणि उत्पादन कितीतरी पटीने वाढलं, मग १९४३ मध्ये पिओरियाच्याच बाजारातल्या एका बुरशी लागलेल्या खरबुजावर त्याहून जोमदार जात सापडली, आणि पुढे कारखान्यात पेनिसिलिन बनवायला जी बुरशी वापरली ती त्या खरबुजावरच्या बुरशीचीच वंशज. आमच्या पिंपरीची एचए, म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स कंपनी, जिथे स्वतंत्र भारतातलं पेनिसिलिन बनायला लागलं, तिच्या दारावरून मी शाळेत जायचे, त्यामुळे मला हे ऐकून काय वाटलं असेल बघा. पण पिओरियातल्या दहा जणांना विचारा, बहुतेकांना हे अर्धवटच माहिती असतं. स्वतःच्या गावात काय घडलंय ते मुलांना नीट सांगितलं जात नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तसंच रिचर्ड प्रायरचं. अमेरिकेतल्या सर्वात मोठ्या विनोदवीरांपैकी एक, १९४० मध्ये इथे जन्मला, आजीच्या वेश्यागृहात लहानाचा मोठा झाला, आणि ते सगळं स्टेजवरून उघडपणे बोलायचा. गावातल्या प्रतिष्ठित लोकांना ते पचायचं नाही. २००५ मध्ये तो गेला आणि डाउनटाउनमध्ये त्याचा पुतळा बसायला २०१५ उजाडलं. माझ्या बरोबर काम करणाऱ्या एक काळ्या बाई आहेत, साउथ साइडला, म्हणजे खालच्या नदीकाठच्या भागात वाढलेल्या, त्या म्हणतात की प्रायरने जे पिओरिया सांगितलं ते आमचं पिओरिया, सरासरीवालं त्यांचं. हे वाक्य मी विसरू शकत नाही, कारण शहर खरंच तसं विभागलेलं आहे. साउथ साइडला घरं पडीक, दुकानं बंद, आणि काळ्या लोकांना राहायला देशातली सर्वात वाईट शहरं म्हणून ज्या याद्या निघतात त्यात पिओरियाचं नाव आलेलं आहे. नॉर्थला राहणारे त्या यादीवर चिडतात, आकडे चुकीचे आहेत म्हणतात, पण साउथ साइडवाल्यांना त्यात नवीन काहीच वाटत नाही. २०२१ मध्ये रीटा अली महापौर झाल्या, पहिल्या काळ्या आणि पहिल्या महिला महापौर, त्यानंतर निदान हे विषय मोकळेपणाने बोलले तरी जातात.

आता कॅटबद्दल. नेटवर जी कडू भाषा तुम्हाला दिसली ती बरीचशी इथून येते. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला इथली मोठी डिस्टिलरी गेली, पॅब्स्टची बिअरची ब्रुअरी गेली, कॅटमध्ये लांबलेला संप आणि कामगार कपात, नव्वदच्या दशकात परत संप, त्यात एकाच घरातले दोन भाऊ दोन बाजूंना अशा गोष्टी लोक अजून सांगतात. तरी हेडऑफिस इथे होतं आणि तोच गावाचा मान होता. २०१५ मध्ये कंपनीने डाउनटाउनमध्ये नवीन मोठं मुख्यालय बांधायची चित्रं दाखवली, २०१७ च्या जानेवारीत सांगितलं की ते बांधणार नाही आणि मोठे साहेब शिकागोच्या बाजूला जाणार, आणि २०२२ मध्ये मुख्यालय टेक्सासला नेत असल्याचं जाहीर झालं. खरं बघितलं तर २०१७ मध्ये हलवायची माणसं काहीशेच होती, हजारो नोकऱ्या इथेच राहिल्या, आजही बुलडोझर समोरच्या ईस्ट पिओरियात बनतात. पण लोकांना लागलं ते पगारापेक्षा वेगळं काहीतरी होतं. आपल्याला सोडून गेले, आपण त्यांना पुरे पडलो नाही, असं ते घेतलं गेलं, आणि ज्याला असं वाटतं तो गावाबद्दल दुसऱ्याने बोलायच्या आत स्वतःच वाईट बोलून मोकळा होतो. म्हणून त्या कॉमेंट्स वाचताना हे लक्षात ठेवा, त्यात अर्धा भाग दुखावलेपणाचा आहे. १९७० मध्ये सव्वा लाखाच्या वर असलेली वस्ती २०२० मध्ये १ लाख १३ हजारांवर आली, त्यामुळे जवळपास प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी बाहेर गेलेलं आहे.

गंमत म्हणजे बाहेरून आपणहून आलेले लोक सर्वात जास्त कौतुक करतात. गेल्या काही वर्षांत टिकटॉकवर इथल्या स्वस्त जुन्या घरांचे व्हिडिओ बघून परराज्यातली माणसं घर घ्यायला यायला लागली, मोठ्या शहरात ज्यांना भाडं परवडत नव्हतं त्यांना इथे स्वतःचं अंगण मिळालं. गावातल्या जुन्यांना आधी विश्वासच बसेना की इथे कोणी मुद्दाम येईल, मग हळूहळू त्यांचाही सूर जरा बदललाय असं मला तरी जाणवतं.

आपल्या भारतीय लोकांचं म्हणाल तर बहुतेक कुटुंबं डनलॅपच्या शाळांमुळे उत्तरेला राहतात, मंदिर आहे, गणपती होतो, पोरं अभ्यासात चांगली, सगळं छान. पण मग तेवढ्यावरून ‘पिओरिया मस्त आहे’ म्हणायचं आणि कधी नदीच्या बाजूला उतरायचंच नाही, हे मला पटत नाही. आपण इथे टॅक्स भरतो, मुलं इथे वाढतात, मग शहराची सगळी बाजू आपली.

तेव्हा ऑफर चांगली असेल तर या. फेब्रुवारीत थंडी जीव काढते आणि संध्याकाळी करायला फार काही नसतं, हे खरंच आहे, शिकागो गाडीने साधारण अडीच-तीन तास. घर बघायला याल तेव्हा एजंट तुम्हाला उत्तरेची नवीन घरंच दाखवेल, ती बघा, पण एक दिवस जास्त ठेवा आणि मॉस अव्हेन्यू, ग्रँडव्ह्यू ड्राइव्ह, नदीकाठ, साउथ साइड, सगळीकडे फिरा. कुठे कॉफी प्यायला बसलात आणि कोणी ‘इथे कशाला आलात’ विचारलं तर मनाला लावून घेऊ नका, त्यांना उलट विचारा की तुम्ही इथे का राहिलात, निवांत तासभर बोलतील.