‘भेदभावा’त ‘भाव’ असावाच लागतो का?

न्यू जर्सीतल्या एका वाचकांचा प्रश्न आला आहे. तिकडे नव्याने आलेल्या मराठी मंडळींसाठी ते एक टिपण लिहीत आहेत: घर भाड्याने किंवा विकत घेताना अमेरिकेचा कायदा आपल्या बाजूने कुठे उभा राहतो. ‘डिस्परेट इम्पॅक्ट’, ‘फमिलिअल स्टेटस’, ‘रीझनेबल अकॉमोडेशन’, ‘स्टीअरिंग’ यांना मराठीत काय म्हणावे, की सरसकट ‘भेदभाव’ लिहून भागेल, असे त्यांनी विचारले आहे. सोबत स्वतःचे पर्यायही पाठवले आहेत. त्यांतल्या ‘वाजवी निवासव्यवस्थे’ने माझी सकाळ छान गेली. तिच्याकडे येतोच.

आधी ‘भेदभाव’. भेदभाव, दुजाभाव, सापत्नभाव या तिन्ही शब्दांच्या शेवटी ‘भाव’ आहे, म्हणजे मनातली गोष्ट. करणाऱ्याच्या पोटात काहीतरी आहे हे आपण गृहीतच धरतो. अमेरिकेतला १९६८ चा फेअर हाउसिंग ॲक्ट, म्हणजे घर देताना भेदभावाला बंदी घालणारा केंद्रीय कायदा, मात्र दोन वेगळ्या गोष्टी ओळखतो आणि त्यांतली एकच या शब्दात मावते.

पहिली ‘डिस्परेट ट्रीटमेंट’. फोनवर आडनाव ऐकून एकाला ‘फ्लॅट गेला’ सांगायचे आणि तासाभराने दुसऱ्याला ‘या, बघून जा’ म्हणायचे. याला आपल्याकडे तयार शब्द आहे: पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत एकाच्या पानात तुपाची धार आणि शेजारच्याच्या पानात चार थेंब. वाढप्याला आपण काय करतोय हे पक्के ठाऊक असते. कायद्याच्या पुस्तकात हा शब्द कोणी घेणार नाही, पण टिपणात जरूर घ्या. वाचणाऱ्याला क्षणात कळेल.

दुसरी ‘डिस्परेट इम्पॅक्ट’. इथे पंगतीत सगळ्यांना सारखाच कडक बुंदीचा लाडू वाढला जातो, पण दात नसलेल्या आजोबांना त्याचा उपयोग नाही. वाढप्याच्या मनात काहीच नव्हते. घराच्या बाबतीत बोलायचे तर ‘प्रत्येक भाडेकरूने पूर्णवेळ नोकरीचा दाखला आणावा’ हा नियम सर्वांना एकच आहे, पण अपंगत्वामुळे सरकारी भत्त्यावर जगणारा माणूस, भाडे वेळेवर देत असला तरी, त्यात बाहेर पडतो. असा नियमही या कायद्याखाली आव्हान देण्याजोगा आहे, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली टेक्सासच्या एका खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी मान्य केले. अर्थात परिणाम विषम दिसला म्हणजे मालक हरला, असे नाही. नियमामागे खरी गरज होती का, आणि ती कमी नुकसान करून भागली असती का, हे पाहिले जाते. याला ‘अप्रत्यक्ष भेदभाव’ म्हटले तरी ‘भाव’ उरतोच. म्हणून ‘विषम परिणाम’ लिहा. रूक्ष आहे, पण खोटे नाही.

‘प्रोटेक्टेड क्लास’ला, म्हणजे ज्यावरून घर नाकारता येत नाही त्या गोष्टीला, तुम्ही ‘संरक्षित वर्ग’ म्हटले आहे. शब्दशः बरोबर, पण मराठी कानाला ‘वर्ग’ म्हटले की मागासवर्ग आणि आरक्षण आठवते आणि वाटते की हे संरक्षण काही ठरावीक लोकांनाच आहे. तसे नाही. वंशावरून नाकारायचे नाही म्हणजे गोऱ्यालाही नाही आणि काळ्यालाही नाही. मुळात वंश, रंग, धर्म आणि मूळ देश एवढीच कारणे होती. १९७४ साली लिंग आले, १९८८ साली अपंगत्व आणि फमिलिअल स्टेटस. आपल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाच्या मराठी पाठात ‘कारणांवरून’ असा शब्द आहे. त्याच वाटेने ‘निषिद्ध कारण’ म्हणावे.

आता ‘फमिलिअल स्टेटस’. ‘कौटुंबिक दर्जा’ म्हटले तर घराणे खानदानी आहे का, असा भास होतो. कायद्याचा अर्थ साधा आहे: घरात अठरा वर्षांखालील मूल आहे, किंवा बाई गरोदर आहे, किंवा मुलाचा ताबा मिळायच्या बेतात आहे. यासाठी आपल्याकडे विठोबाला शोभणारा शब्द आहे, लेकुरवाळा. ‘लेकुरवाळे कुटुंब’ लिहा. एक इशारा मात्र ठळक द्या. पुण्यात ‘फक्त फॅमिलीसाठी’ची पाटी वाचून आलेल्या मुलाला वाटेल की हे कलम बॅचलरच्या मदतीला येईल. उलट आहे. हे कलम पोरांचा गोंगाट नको म्हणणाऱ्या मालकाविरुद्ध आहे. अविवाहित म्हणून नाकारले तर हा केंद्रीय कायदा गप्प असतो. न्यू जर्सीचा स्वतःचा कायदा मात्र वैवाहिक स्थितीही धरतो. शिवाय पंचावन्न व त्यावरील वयाच्या लोकांच्या वसाहतींना, अटी पाळल्यास, लेकुरवाळ्यांना नकार देता येतो.

आणि ती ‘वाजवी निवासव्यवस्था’! आळंदीच्या एखाद्या लॉजवर शोभली असती. ‘अकॉमोडेशन’ म्हणजे इथे खोली नव्हे, सांभाळून घेणे. इमारतीत कुत्रा चालत नाही, पण अंध भाडेकरूचा वाटाड्या कुत्रा चालवून घ्यायचा. पार्किंग ‘जो आधी येईल त्याचे’ असले तरी चालता न येणाऱ्याला दाराजवळची जागा राखायची. म्हणून ‘वाजवी मुभा’. याची जुळी बहीण ‘रीझनेबल मॉडिफिकेशन’ म्हणजे बांधकामातला बदल: दाराशी उतार, न्हाणीघरात धरायला दांडा. तिला ‘वाजवी फेरबदल’. फरक खिशातला आहे. खाजगी घरात फेरबदलाचा खर्च बहुधा भाडेकरूचा असतो.

‘रेडलाइनिंग’साठी, म्हणजे वस्ती पाहून कर्ज नाकारण्यासाठी, ‘लाल रेघ’ पुरे. १९३० च्या दशकात एका सरकारी गृहकर्ज संस्थेने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे रंगवले. कर्जाला धोकादायक ठरवलेले भाग तांबडे होते आणि काळ्यांच्या वस्त्या बहुतेक त्यातच पडल्या. ‘लक्ष्मणरेषा’ नको. ती आतल्या माणसाला जपते, ही आतल्याला कोंडते.

अडलो ते ‘स्टीअरिंग’पाशी. एजंट गोड हसून म्हणतो, ‘तुम्हाला त्या बाजूलाच बरे पडेल, तुमचे लोक तिकडे आहेत, देऊळ आहे, वाणसामान मिळते.’ तुम्ही मागितलेला भाग तो दाखवतच नाही. यात अपमान झाला असे वाटतही नाही, उलट आपुलकी वाटते. ‘वळण लावणे’ म्हटले तर पोराला शिस्त लावल्यासारखे होते. तूर्त ‘परस्पर वळवणे’ घ्या. पाणी, निधी, मते आपण परस्पर वळवतोच, गिऱ्हाईकही वळवावे.

एक विनंती. प्रत्येक मराठी शब्दाआधी मूळ शब्द देवनागरीत छापाच. केंद्राच्या गृहनिर्माण खात्याकडे तक्रार एका वर्षाच्या आत करावी लागते, आणि तिथल्या खिडकीवर ‘पंक्तिप्रपंच झाला’ म्हणून चालणार नाही.