मोठा खेळाडू नसलेला माणूस चांगला कोच होऊ शकतो का?

प्रश्न: दादा नमस्कार. आमच्या वाडीतली पोरं भातकापणी झाली की मळ्यात फुटबॉल खेळतात. टीम गेली चार वर्षं शाळेतले एक गुरुजी बघतात, करवंट्या मांडून कोणी कुठे उभं राहायचं ते दाखवतात, पण स्वतः कधी मोठ्या टीममधून खेळलेले नाहीत. आता गोव्यात क्लबकडून खेळलेला एक जण गावात परत आलाय आणि अर्धी वाडी म्हणते त्यालाच कोच करा, जो खेळलाच नाही तो काय शिकवणार? – एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर: गुरुजींना काढू नका, हे आधीच सांगतो.

आमच्या लहानपणी वाडीत एक स्ट्रायकर होता, कोपऱ्यातून बॉल असा वळवायचा की गोलकीपर बघतच राहायचा, पण शिकवायला उभा राहिला की एकच वाक्य, "अरे असो मार रे!" आणि परत स्वतःच मारून दाखवायचा. आम्ही दोन वर्षं त्याच्या पायाकडे बघत राहिलो, शिकलो काहीच नाही. त्याचा दोष नव्हता, पाय कसा वळतो ते त्याला कधी शब्दांत मांडावंच लागलं नव्हतं.

२०१० चा वर्ल्ड कप आठवा. अर्जेंटिनाचा कोच साक्षात मॅराडोना. त्या मे महिन्यात पोर्तुगालचा कोच मोरिन्यो, ज्याचं खेळाडू म्हणून काहीच नाव नव्हतं आणि जो इंग्लिश कोच बॉबी रॉबसनचा दुभाषा म्हणून पुढे आला, त्याने झानेत्ती आणि काम्बियासो या दोन अर्जेंटिनियनांना घेऊन इटलीच्या इंटर मिलान क्लबला चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, जिंकून दिली होती, आणि मॅराडोनाने त्या दोघांनाही टीममध्ये घेतलंच नाही! क्वार्टर फायनलला मधल्या फळीत माशेरानो जवळजवळ एकटा, जर्मनीचा पहिला गोल तिसऱ्याच मिनिटाला, शेवटी ०-४. मला ती मॅच अजून सलते. मेस्सी तेव्हाही होताच की. मग २०२२ ला कोच कोण, तर देशासाठी जेमतेम ७ मॅच खेळलेला स्कालोनी. पहिलीच मॅच सौदीकडून १-२ हरला, पण पुढच्या मॅचला सरळ पाच जण बदलले आणि शेवटी कप घेऊनच घरी गेला.

आपल्याकडे बघा, हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम पेशाने शिक्षकच होते. १९५१ आणि १९६२ चं एशियन गेम्सचं गोल्ड त्यांच्याच हाताखाली आलं, १९५६ च्या ऑलिम्पिकला आपण चौथे आलो तेही. जकार्ताला १९६२ मध्ये डिफेंडर जर्नेल सिंगच्या डोक्याला टाके पडले होते, रहीमसाहेबांनी त्याला चक्क पुढे फॉरवर्डला खेळवलं आणि त्याने सेमीफायनल आणि फायनल दोन्हीत गोल मारले. कोणाचा कुठे उपयोग आहे हे दिसणं, कोचिंग म्हणजे हेच ना? आणि क्रिकेटमधले आपल्या मालवणचे आचरेकर सर, फर्स्ट क्लास मॅच एकच खेळले, पण सचिन कोणी घडवला ते सगळ्यांना ठाऊक आहे.

मोठे खेळाडू मोठे कोच झाले नाहीत असं अजिबात नाही. क्रॉयफ झाला, बेकेनबाउअर झाला, झिदानने तर लागोपाठ तीन चॅम्पियन्स लीग घेतल्या. पण झिदान आधी रेआल माद्रिद क्लबात कोच आंचेलोत्तीचा असिस्टंट होता, मग त्याच क्लबची दुसरी टीम सांभाळली. वेगळं काम म्हणून शिकला तो. खेळलेल्या माणसाचं पोरं पहिल्या दिवशी ऐकतात हा फायदा मोठा आहे, मान्य, पण महिनाभराने पोरगं विचारणार की सर मी हुकलो का, तेव्हा उत्तर यायला हवं.

तुमच्या गुरुजींच्या करवंट्या म्हणजे तेच उत्तर आहे हो. गोव्याहून आलेल्या भावाला मानाने बोलवा, शूटिंग आणि फॉरवर्ड त्याच्याकडे द्या, टीम गुरुजींकडे राहू दे, आणि जमलं तर दोघांनाही एआयएफएफच्या, म्हणजे भारतीय फुटबॉल महासंघाच्या, कोचिंगच्या डी लायसन्स कोर्सला पाठवा. फक्त आत्ताच दोघांना समोरासमोर बसवून ठरवा, मिरगाला मळा नांगरायला गेला की दिवाळीपर्यंत तुम्हाला मैदान मिळणार नाही.